वाकडी पाकळी

चिंचणीत कोणी दुसऱ्याचं जसंच्या तसं उचललं की लोक म्हणतात, "वाकडी पाकळी केलीस!" परीक्षेत नक्कल करणारा असो, की शेजारणीच्या साडीसारखीच साडी घेणारी असो, सगळ्यांना हाच एक शब्द. ही पाकळी होती वामनची, आणि तो शब्द ऐकला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वामन डायवाला. पोलादी ठोकळ्यात छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, वर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून हाणला की दागिना उठतो, हा त्याचा धंदा. शिकला तो एकनाथकाकांच्या हाताखाली. आणीबाणी उठली त्या सुमारास मुंबईच्या एका शेठनं कर्णफुलाचा नमुना आणला. येताना शेठ त्याच्यावरच बसला होता, म्हणून एक पाकळी मुडपलेली. वामननं तीही इमानदारीनं कोरली! सगळा माल वाकड्या पाकळीचा निघाला. शेठ बोंबलत आला, आणि काका हसून हसून लोळले. "अरे, डोकं घरी ठेवून आला होतास काय?" शब्द त्यांनीच पाडला आणि गावभर झाला.

तेव्हापासून वामनला एकच ध्यास लागला. काहीतरी आपलं हवं, कोणाचं न बघता केलेलं. किनाऱ्यावर वाळूत मर्यादवेल पसरते ना, तिचं मधोमध चिरलेलं पान त्यानं डायमध्ये उतरवलं. काय देखणं पान! पण घेणार कोण? व्यापारी म्हणायचे, "नवीन नको रे बाबा, बाजारात चाललेलं दे." शेवटी वामननं कुड्यांचा एकच जोड बायकोसाठी काढला आणि डाय पेटीत टाकली.

काशीबाईनं तो जोड हौसेनं वापरला. एकदा विहिरीवर धुणं धुताना एक कुडी खाली पडली आणि तिच्याच पायाखाली पानाचं टोक चेपलं. "राहू दे, माझंच तर हाय," म्हणून तिनं तशीच घातली. पुढं काकांची सून हंसा माहीमच्या लग्नाला जाताना जोड मागून घेऊन गेली आणि चार दिवसांनी परत देऊन गेली.

दिवाळीच्या तोंडावर एक शेठ वामनच्या दारात आला. "वामनभाई, हे बघ, काय खपतंय! अगदी असंच काढून दे." हातावर मर्यादवेलीच्या पानाची कुडी. टोक चेपलेलं!

वामनच्या डोक्यात तिडीक गेली. काशीबाईनं कानातली काढून शेजारी धरली. चेपलेलं टोक तेच, तिथंच. "अगं बाई! हंसानं मागितली होती ती याच्यासाठी!"

दोन्ही कुड्या मुठीत धरून वामन तडक काकांच्या कारखान्यात गेला. मनात शब्द तयार होता. सगळ्या कारागिरांसमोर काकांच्या तोंडावर मारायचा, बस्स. इतकी वर्षं त्यानं तो ऐकून घेतला होता.

कुड्या त्यानं ठोकळ्यावर ठेवल्या. ठोकाठोकी थांबली. काकांनी चष्मा लावला, मग कुड्या डोळ्यांपाशी नेल्या, तरी त्यांना नीट दिसेना. शेवटी अंगठा फिरवला. चेपलेलं टोक हाताला लागलं तसा त्यांचा चेहरा उतरला. टोकाला ती खोड हाय हे म्हाताऱ्याला कळलंच नव्हतं. अंधुक डोळ्यांना ती नक्षीच वाटली, आणि दिसली तशी त्यानं कोरली होती.

"बोल ना रे," काका हळू म्हणाले. "मीच पाडलेला शब्द हाय."

वामनच्या तोंडाशी आलेला शब्द तिथंच अडला. ज्या माणसानं छिन्नी धरायला शिकवली त्याला आता छिन्नीचं टोक दिसत नाय, याचं त्याला फार वाईट वाटलं. रागही होताच.

"काका, तुमी मागितलं असतं तर मूळ डाय आणून दिली असती."

तो काशीबाईची कुडी उचलून निघून गेला. मागं कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच शेठ पुन्हा वामनकडे आला, जरा वरमलेला. आदल्या संध्याकाळी तो आपला नमुना परत घ्यायला काकांकडे गेला होता. काकांनी त्याच्यासमोर आपली डाय घेतली आणि नक्षीवर आडवी छिन्नी हाणून ती डाय बाद केली.

"म्हातारा म्हणाला," शेठ सांगू लागला, "ते पान माझं नाय. वामनचं हाय, त्याच्या मनातून आलेलं. त्यालाच विचार, देतो का."

वामननं पेटी उघडून ती जुनी डाय बाहेर काढली आणि काशीबाईला चहा टाकायला सांगितलं.