पुढच्या वर्षीचं कार्ड

पंखा एवढासाच होता, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, चौकोनी, आणि सावनीनं त्याच्यावर फुंकर घातली की त्याची पाती अजिबात आवाज न करता फिरायची आणि थांबताना किंचित मागे जाऊन मग स्थिर व्हायची. रविकांत त्या पात्यांकडे बघत राहिला. ती काहीतरी समजावून सांगत होती, पण ते त्याला बंद दाराआडून यावं तसं ऐकू येत होतं… प्रोसेसर तापतो, म्हणून हा त्याच्या डोक्यावर बसवायचा. ब्रँडेड मशीनमध्ये याहून हलका असतो, तीन तास गेम चालवला की खलास. तेवढा एक 'खलास' मात्र त्याला अगदी कानाशी बोलल्यासारखा ऐकू आला.

गुरुवारची संध्याकाळ, मस्कतच्या रुवीतल्या मागच्या गल्लीतलं दुकान. दुपारची झोप काढून दुकानदार जाफरनं नुकतंच शटर वर घेतलं होतं. काउंटरच्या एका टोकाला कंपनीच्या तयार कॉम्प्युटरचा सीलबंद खोका होता आणि दुसऱ्या टोकाला चंदेरी पिशव्यांमधले सुटे भाग, सावनीच्या यादीप्रमाणे मांडलेले. अडीचशे रियालच्या वर जायचं नाही, हे एप्रिलमध्येच ठरलं होतं, तिचा आठवीचा निकाल लागला तेव्हा. मग उन्हाळा गेला, सहामाही गेली, आणि नोव्हेंबर उजाडला तरी तिनं एकदाही कटकट केली नाही. तिनं फक्त वाचलं. मैत्रिणींकडून मासिकं आणून शाळेच्या बसमध्ये वाचली, आणि आता तिला जाफरइतकंच कळत होतं—कदाचित जास्तच.

"बाबा, आत्ता छोटं ग्राफिक्स कार्ड घेऊ," ती म्हणाली. मराठी बोलताना ती नेहमीच एकेका शब्दापाशी थांबायची, ओळखीचं घर शोधावं तशी. "पुढच्या वर्षी मोठं. हा बोर्ड ते घेऊ शकतो. तो डबा नाही घेऊ शकत. त्याच्यात जागाच नाही."

पुढच्या वर्षी.

मंगळवारी अल् खुवैरच्या ऑफिसात साहेबांनी त्याला आत बोलावलं होतं, स्वतः उठून दार लावलं होतं, चहा मागवला होता. आणि चौदा वर्षांत साहेबांनी कधी चहा मागवला नव्हता, त्यामुळे कप समोर आला तेव्हाच त्याला सगळं कळलं. मार्चअखेर नोकरी संपणार. त्याच्या जागेवर आता इथला, ओमानी माणूस येणार, आणि त्या माणसाला गेलं वर्षभर त्यानंच तर कामाचे अंदाज काढायला शिकवलं होतं. हुशार, सभ्य, सणाला घरचा हलवा आणून देणारा. रागवायचं तरी कुणावर… साहेब बोलायचे थांबले तेव्हा तो म्हणाला होता, "नो प्रॉब्लेम, सर." आणि कपातला चहा शेवटपर्यंत प्याला होता. त्याला दोन दिवस झाले. बायकोला, विद्याला, त्यानं अजून सांगितलं नव्हतं. दोन्ही सकाळी तिनं जेवणाचा डबा भरून दिला, तो किल्ली घेऊन निघाला, आणि जिन्यावर एकदा थांबून मग खाली उतरला.

खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वॉरंटी भारतातही लागू. दुकानात पाऊल टाकल्यावर त्यानं सगळ्यात आधी वाचलं होतं ते तेच.

"ब्रँडेडच बरं," तो म्हणाला. मग कारणं शोधू लागला. व्होल्टेजचं म्हणाला, इथे दिवे कधी जात नाहीत हे सावनीनं शांतपणे सांगितलं. बिघडला तर कोण बघणार म्हणाला. तिनं जाफरकडे बोट केलं. मग तो एकदम चिडून म्हणाला की गेम खेळायला एवढा विचार कशाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आपण तिच्यावर चिडलेलो नाही, आपण आपल्याशीच खोटं बोलतोय आणि ते आपल्याला नीट जमतही नाही.

जाफर कासरगोडचा, बावीस वर्षं मस्कतात मुरलेला. गिऱ्हाइकाच्या घरच्या वादात पडायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फक्त एक प्रश्न विचारला.

"साब, आप लोग इधरीच हैं ना, दो-तीन साल? तो असेंबल्ड लो. कुछ हुआ तो मैं बैठा हूँ. जाने का है तो डिब्बा लो."

किती सोपं करून ठेवलं या माणसानं! दोन दिवस जे त्याला स्वतःपुढे मांडता येत नव्हतं ते काउंटरच्या दोन टोकांना ठेवून दिलं. रविकांतनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सावनीच हसून म्हणाली, "ऑफ कोर्स, अंकल. हम इधर ही हैं." जन्म रुवीतला, शाळा वादी कबीरची, ती आणखी कुठे असणार होती? पुण्याला ती दरवर्षी पाहुणी म्हणून जायची आणि महिन्याभरानं 'घरी' यायची.

 रविकांत खोक्याकडे बघून म्हणाला, "तरी मला वाटतं, हाच…"

सावनीनं पंखा पिशवीत परत ठेवला. पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "नो प्रॉब्लेम."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर त्याला चाललं असतं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता—मंगळवारी साहेबांपुढे खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेल्या, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाचा. हे हिनं कुठून उचललं? चौदा वर्षांच्या मुलीला इतकं समजूतदार व्हायला आपणच शिकवलं का… जेवताना, गाडीत, न बोलता?

"असेंबल्ड," तो जाफरला म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "इसकी लिस्ट के हिसाब से."

शनिवारी मिळेल असं ठरलं. गाडीत ती सारखी बोलत होती, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. टेबल खिडकीपासून लांब ठेवायचं म्हणजे धूळ जाणार नाही, आणि दहावीत ती फक्त शुक्रवारी खेळणार, प्रॉमिस, आणि पुढच्या वाढदिवसाला तिला दुसरं काहीच नको, फक्त ते कार्ड. बाहेर डोंगर काळे पडत चालले होते. त्याला वाटलं, ही बोलायची थांबली की सांगावं. मग वाटलं, ही थांबणारच नाही. आणि सिग्नलला गाडी उभी असताना, ती वाक्याच्या मधोमध असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं—

"सावनी, पुढच्या वर्षी आपण इथे नसू."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तो गाडी चालवत सांगत राहिला, साहेब, मार्च, पुणे, दहावीची शाळा. आणि जे दोन दिवस जिन्यावरच अडत होतं ते चार-पाच वाक्यांत संपलंसुद्धा. तिनं मधे एकदाही काही विचारलं नाही. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "मग डबा घ्यायला हवा होता. जाफर अंकलना फोन करू? त्यांनी अजून काही जोडलं नसेल."

"नको."

का नको, ते त्याला सांगता आलं नसतं.  ती म्हणाली, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"फक्त मला?"

"हो."

इमारतीखाली त्यानं गाडी लावली. वर स्वयंपाकघरात दिवा होता. एरवी ती दार उघडून धावत सुटायची, दोन-दोन पायऱ्या चढत. आज खाली उतरून गाडीपाशीच उभी राहिली. पावतीची घडी तिच्या मुठीत होती.

"आईनं विचारलं, एवढा उशीर का, तर मी काय सांगू?" तिनं विचारलं. या वेळी एकाही शब्दापाशी ती अडखळली नाही.

 सांगितलं की ओझं निम्मं होतं, असं त्याला सिग्नलपर्यंत वाटत होतं. ते निम्मं झालं नव्हतं. तेवढंच आणखी एक तयार झालं होतं, आणि ते या मुलीनं काही न म्हणता उचललं होतं. मार्चची भीती कुठे गेली कोण जाणे, आता शोधूनही ती सापडत नव्हती. आता भीती होती ती फक्त समोरच्या तीन जिन्यांची, आणि आपल्यासाठी थांबून, आपल्या पावलाबरोबर पाऊल टाकायला तयार उभ्या असलेल्या तिची.