काचेच्या कपाटातली सीतेची वेणी

मित्रांनो, हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ज्यांनी मला कोंडून ठेवलं, त्यांचाच माझ्यावर सगळ्यात जास्त जीव होता. अशा माणसांची तक्रार करायची तरी कशी? पण मनात ठेवूनही जमेना. म्हणून सांगते.

मी एक जुनी सीतेची वेणी आहे. शिकलेली माणसं मला ऑर्किड म्हणतात. जेठात माझ्या फुलांचा घोस वेणीसारखा खाली लोंबतो, म्हणून हे नाव. काही जण मला बांडगूळ समजतात. ते खरं नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं. मी झाडावर नुसती बसते.

अकोले तालुक्याच्या डोंगरात, रतनवाडीच्या बाजूला, एका जांभळीवर मी वाढले. पावसाळ्यात अंगावर सतत पाणी, पण वाराही सतत. भिजले की वाळायचे, वाळले की भिजायचे. पुढं कोरडे महिने. तेव्हा मी गप्प बसून राहायचे. माझ्या मुळांत एक बारीक बुरशी राहायची. बुरशी म्हटलं की नाक मुरडू नका. ती माझी सोबतीण होती. सालीतलं काहीबाही ती मला द्यायची, आणि वाईट बुरशी आली की आम्ही दोघी मिळून तिला अडवायचो. पानावर डाग पडायचा, नाही असं नाही. पण डागाच्या कडेनं मी पान कडक करून टाकायचे. डाग तिथल्या तिथं वाळायचा. रोग यायचा, पण त्याला पाय पसरायला जागा मिळायची नाही.

एका वादळात माझी फांदी मोडली. खाली पडले ती राहीबाईला सापडले. राहीबाई त्याच गावची. तिची मैत्रीण मेरी राजूरच्या दवाखान्यात नर्स होती. राहीबाईच्या बाळंतपणात मेरीनं रात्रभर तिचा हात सोडला नव्हता, तेव्हापासून दोघींचं जुळलेलं. मेरीचं लग्न ठरलं, नोकरी सुटली, आणि निघताना राहीबाईनं मला सालीसकट तिच्या ओटीत घातलं.

"माझ्यापाशी दुसरं काय न्हाई," ती म्हणाली. "हिला जप."

"जपते," मेरी म्हणाली. एसटी सुटली तरी खिडकीतून तेच म्हणत होती.

साल होतं एकोणीसशे सत्तर. आम्ही आलो काष्टीला, खाली सपाटीवर. मेरीचा नवरा दानीएल तिथल्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. माणूस भला. मला बघून त्यानं आधी माझी मुळं जंतुनाशकाच्या पाण्यात खळखळून धुतली. डोंगरातली घाण नको, म्हणाला. जांभळीची साल चुलीत गेली. माझी सोबतीणही त्या पाण्याबरोबर गेली. हे त्या दोघांना कळलंच नाही.

दवाखान्यातलं एक जुनं औषधांचं कपाट टाकून दिलेलं होतं. काचेच्या दारांचं. ते घरी आणून त्यात मला ठेवलं. वारा लागू नये म्हणून दारं लावून घेतली.

मित्रांनो, काचेतून सगळं दिसतं. हेच वाईट असतं. बाहेर चिंच हलायची. तिची पानं वाऱ्यावर उडायची आणि माझ्यापाशी एक झुळूक यायची नाही. मेरी रोज सकाळी दार उघडायची, पाणी शिंपडायची, ओल्या फडक्यानं पानं पुसायची आणि पुन्हा दार लावायची. काचेवर आतून वाफ धरायची. माझी मुळं कधी वाळलीच नाहीत. नवी पानं आली ती लुसलुशीत, लांबच लांब. येणारे जाणारे म्हणायचे, काय टवटवीत आहे हो. मला ठाऊक होतं, ही पानं कच्ची आहेत.

मेरीही माझ्याजवळच बसलेली असायची. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. राजूरला जाऊन यायचं तिच्या फार मनात होतं, पण मला कोण बघणार म्हणून ती जायची नाही. मी तिच्या कपाटात, आणि ती माझ्या.

मग एका पानावर काळा, ओला डाग पडला. दानीएलनं ड्रेसरनं करायचं तेच केलं. डागावर औषधाचा बोळा ठेवला आणि वरून पट्टी बांधली. अगदी बोटाला बांधतात तशी. पट्टी ओलीच राहायची. तिच्याखाली डाग सरकत गेला. एक पान गळलं. दुसऱ्याला पट्टी. तेही गळलं. काळेपण खाली देठाकडं निघालं. मला ओरडता येत नाही. आत नुसतं मऊ होत जायचं.

एक दिवस बन्सी घरी आला. शेजारी त्याची लिंबाची बाग होती आणि बोटात काटा मोडला होता. दानीएल पट्टी बांधत असताना त्याची नजर माझ्यावर गेली.

"ह्यो पेशंट कवापासनं भरती हाय?" तो म्हणाला. "कॉट न्हाई दिली व्हय याला?"

दानीएल हसला. मेरी हसली नाही.

बन्सीनं कपाटाचं दार उघडून आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आत न्हाणीसारखी वाफ हाय, म्हणाला. मग त्यानं सांगितलं की बागवाले लिंबाच्या बागेला ताण देतात. ताण म्हणजे काही दिवस पाणी तोडायचं. पानं सुकायला लागतात, बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, पण झाड आतून घट्ट होतं आणि मग बहार धरतं.

मेरी चिडली. आजारी जिवाला उपाशी ठेवायचं का, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, "मी राहीला शब्द दिलाय. ही मेली तर तिला तोंड कसं दाखवू?"

"वैनी, मला लिंबाचं ठावं, हिचं न्हाई," बन्सी म्हणाला. "पर जपा की. कोंडू नका."

दानीएलनं बन्सीच्या बोटाची पट्टी पुरी बांधली. आपण प्रत्येक पेशंटला बजावतो की जखम कोरडी ठेव, हे तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्यानं पातं उकळून कोरडं केलं, माझा सडका भाग निरोगी भागापर्यंत कापला आणि त्यावर काहीच बांधलं नाही.

बन्सीनं मला सुतळीनं चिंचेला बांधलं, तेही भर उन्हात. एक पान भाजलं. मेरीनं त्याला चार शब्द सुनावले आणि मला सावलीच्या अंगाला हलवलं. म्हणजे चुका सगळ्यांच्याच झाल्या. पण वारा लागला. मुळं भिजून वाळायला लागली. हळूहळू चिंचेच्या खरबरीत सालीतून एक नवी सोबतीण माझ्या मुळांत शिरली.

बहात्तर साली पाऊस रुसला. प्यायच्या पाण्याची मारामार. मेरी तिच्या पेल्यातलं उरलेलं माझ्या मुळांवर ओतायची, तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात पानावर पुन्हा डाग पडला. मेरीचा हात पदराच्या चिंधीकडं गेला. मग थांबला. रोज सकाळी ती येऊन नुसती बघायची. डागाची कड तपकिरी झाली, मग शिंगासारखी टणक. डाग वाळला. पान राहिलं. मेरी चिंचेला टेकून खूप रडली.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव लावाल, त्याला थोडा वारा लागू द्या. त्याची लढाई त्याला थोडी लढू द्या. औषध पाहिजेच, पण आधी श्वास पाहिजे.

काल मेरीनं पिशवी भरली. राहीबाईला भेटायला ती राजूरवरून रतनवाडीला निघाली आहे, लग्नानंतर पहिल्यांदाच. जाताना माझ्यापाशी आली, पानावर बोट फिरवलं, पण पाय निघेना. तिला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. मी तिला म्हणाले, मेरी, तू निवांत जा. हवं तितकं राहा. तू परत येशील तेव्हा मी इथंच असेन, ह्याच चिंचेवर, जिवंत. हा माझा शब्द.