ऑल्गासमोरची खुर्ची

लोर्ना साल्मीने हॅनकॉक या लहानशा बर्फाळ गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. त्या सव्वीस वर्षांत आपल्या खिडकीसमोरून एकही पोर उपाशी गेलं नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. गाजराला नाक मुरडणाऱ्यांना तिने गाजर खायला लावलं होतं. कुणाला चिडवून, कुणाला चुचकारून, तर कुणावर नुसते डोळे वटारून. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला हातभर लांबीचा पितळी डाव भेट दिला, तो तिने बैठकीच्या भिंतीवर टांगला होता. अशा बाईच्या घरात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक अजगर आला, आणि त्याने अन्नाला तोंड लावायचं साफ नाकारलं.

अजगर तसा फार मोठा नव्हता. रॉयल पायथन म्हणतात त्या आफ्रिकी जातीची मादी, चार फुटांची, मनगटाएवढी जाड, घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करणारी. ती लोर्नाच्या मुलीची, मार्नीची. मार्नी मिनियापोलिसला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. तिने नवं घर भाड्याने घेतलं आणि घरमालक सापाला नाही म्हणाला. मग बर्फातून सात तास गाडी हाकत ती आली, आपल्या जुन्या खोलीत काचेची पेटी मांडून दिली आणि सापाचं नाव ऑल्गा असल्याचं सांगितलं.

"माझ्या आत्याचं नाव सापाला?" आर्विड, म्हणजे लोर्नाचा नवरा, दारात उभा राहून म्हणाला.

"बाबा, ऑल्गाआजीसुद्धा दिवसभर एका जागी पडून असायची आणि कुणी हात लावला तर तोंड फिरवायची."

आर्विडने जरा विचार केला. "ते खरंय," म्हणाला आणि लाकडं फोडायला निघून गेला.

जाताना मार्नीने सगळं नीट समजावलं. पेटीचं एक टोक नव्वद डिग्री फॅरनहाइट गरम, दुसरं अठ्ठ्याहत्तर. दोन्हीकडे लपायला एकेक अंधारी खोपटी, पाण्याचं भांडं. पहिले दहा दिवस हात लावायचा नाही. मग आठवड्यातून एकदा गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सैल करून, अंगाला ऊब आणून, लांब चिमट्याने पुढे धरायचा. "नवी जागा आहे, लगेच खाणार नाही. सहा आठवडे वाट बघ. नाहीच खाल्लं तर मार्क्वेटला गॉर्डी आहे, त्याच्या घरात तीस साप आहेत, तो तिला ठेवून घेईल. फक्त मला खरं खरं सांगत जा."

लोर्ना हो म्हणाली. साप तिला आवडला होता अशातला भाग नाही. पण गेल्या दहा वर्षांत मार्नीने तिच्या हाती विश्वासाने सोपवलेली ही पहिलीच गोष्ट होती.

कारण मार्नी सोळा वर्षांची असताना जेवायची थांबली होती. दोन हिवाळे तसेच गेले. डॉक्टर झाले, मार्क्वेटचा दवाखाना झाला. लोर्ना रोज संध्याकाळी टेबलाशी तिच्या समोर खुर्ची घेऊन बसायची आणि ताटली रिकामी होईपर्यंत उठायची नाही, मार्नीलाही उठू द्यायची नाही. शाळेतल्या तीनशे पोरांवर जे चाललं ते स्वतःच्या पोरीवर चाललं नाही. मार्नी बरी झाली, पण घर सोडून गेल्यावर. ही गोष्ट लोर्नाच्या मनाला आजही लागून होती. तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा तो तीन मिनिटांचा. बर्फ किती पडला, बाबांचा गुडघा कसा आहे, "जेवलीस का?", "हो", आणि संपलं.

ऑल्गा आली आणि रविवारचा फोन चाळीस मिनिटांचा झाला. कुठे बसली, कधी बाहेर आली, पाणी प्यायली का, मार्नीला सगळं ऐकायचं असे. एकदा तर ती खळखळून हसली. लोर्नाने ते हसू आठवडाभर पुरवून वापरलं. ऑल्गा गॉर्डीकडे गेली की हा फोनही तिच्यासोबत जाणार, हे तिला लख्ख कळत होतं.

म्हणून दहा दिवस थांबणं तिला झेपलं नाही. पाचव्याच दिवशी तिने उंदीर पुढे धरला. ऑल्गाने मान फिरवली. लोर्नाने दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. मग केस वाळवायच्या यंत्राने उंदीर आणखी गरम करून बघितला, चिमट्याने नाचवून बघितला, खोपटी उचलून थेट नाकाशी नेऊन बघितला. ऑल्गाने अंगाचा चेंडू केला. मग लोर्नाने स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, काचेसमोर ठेवली आणि विणकाम घेऊन बसली.

"खा गं बाई. एकच घास. तुला तर चावायचंही नाहीये."

"सौनात नेऊन बसव तिला," आर्विड बाहेरून म्हणाला. शनिवारी तो सौना, म्हणजे अंगणातली लाकडी वाफेची खोली, पेटवायचा आणि जगातल्या बहुतेक दुखण्यांवर त्याच्याकडे तेवढाच इलाज होता. "घाम आला की भूक लागेल."

"सापाला घाम येत नाही, आर्विड."

"मग लाव डाव तोंडाला. आणि फ्रीझरमधले ते उंदीर माझ्या हरणाच्या मटणापासून लांब ठेव. काल मी चुकीची पिशवी काढली होती."

चार आठवडे झाले. चौथ्या रविवारी मार्नीने विचारलं, "खाल्लं का तिने?" आवाजात काळजी होती, आणि लोर्नाच्या तोंडून निघून गेलं, "खाल्लं."

"खरंच? आई! कधी?"

"शुक्रवारी. संध्याकाळी." एकदा सुरुवात केल्यावर लोर्नाने हात आखडता घेतला नाही. ऑल्गा कशी हळूच बाहेर आली, कशी दबा धरून राहिली, कशी झेप घेतली, सगळं रंगवून सांगितलं. तिकडे मार्नी इतकी खूश झाली की तिने आपल्या कामावरच्या दोन गमतीही सांगितल्या. फोन ठेवल्यावर लोर्ना बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी पुढच्या रविवारची ती वाटही बघत होती.

पाचव्या रविवारी मार्नी म्हणाली, "वजन केलंस?"

केलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, भांड्यात ठेवून. आली तेव्हा अकराशे दहा ग्रॅम होती, आता एक हजार सत्तर भरली होती. लोर्नाने मनात हिशोब केला. उंदीर सत्तर ग्रॅमचा.

"अकराशे ऐंशी," ती म्हणाली.

मार्नी म्हणाली, "आई, सत्तर ग्रॅमचा उंदीर खाऊन कुणी सत्तर ग्रॅम वाढत नाही. आठवडा होऊन गेला, बरंचसं जळून जातं."

"काटा जुना आहे."

"आकडा बनवलास तू."

"मार्नी, मी—"

"आई, आकडे बनवण्यात आणि खाल्लं म्हणून सांगण्यात या घरात माझा हात कुणी धरणार नाही. मला ऐकताक्षणी कळतं." ती रागावली नव्हती, तेच लोर्नाला जड गेलं. "किती भरली खरी?"

"एक हजार सत्तर." लोर्ना म्हणाली. "तू तिला घेऊन जाशील म्हणून खोटं बोलले. मग तू फोनही करणार नाहीस असं वाटलं."

मार्नीने एक मोठा श्वास घेतलेला ऐकू आला.

"त्या खोलीत खुर्ची आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"काचेच्या समोर."

"आणि तू तिच्यावर बसतेस."

"थोडा वेळ."

"किती थोडा?"

"ती... म्हणजे तिचं जेवण होईपर्यंत."

"आई, तिचं जेवण होतच नाहीये." मार्नी हसल्यासारखं बोलली, पण ते हसू नव्हतं. "तू बघतेस म्हणून ती खात नाही. तिला भूक असते गं. पण समोर कुणीतरी डोळे लावून बसलंय म्हटल्यावर तिच्या डोक्यात भूक राहातच नाही, नुसती भीती राहाते. ती हट्टी नाहीये. तुला चिडवत नाहीये. कळतंय का?"

"कळतंय," लोर्ना म्हणाली. आपण कुणाबद्दल बोलतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि बारा वर्षं उशिरा कळत होतं. "मला वाटायचं मी उठले तर तू मरशील, मार्नी."

"माहितेय मला," मार्नी म्हणाली. "खुर्ची बाहेर काढ. काचेला तिन्ही बाजूंनी वर्तमानपत्र चिकटव, समोर टॉवेल टाक. दहा दिवस पाणी बदलण्यापुरतंच आत जायचं. अकराव्या दिवशी उंदीर गरम करून खोपटीच्या तोंडाशी ठेवायचा आणि घराबाहेर पडायचं. दाराला कान लावायचा नाही. घराबाहेर."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर तसं सांग. मी तरीही फोन करीन."

लोर्नाने त्याच संध्याकाळी खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पुढचे दहा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. तिने नीसू, म्हणजे वेलचीचा पाव, इतका भाजला की शेजाऱ्यांकडे पोचवून उरला. कपाटं धुतली. पाणी बदलायला आत गेली की ती छताकडे बघत भांडं उचलायची आणि निम्मं पाणी स्वतःच्या पायावर सांडायची. एकदा ती त्या खोलीच्या दारासमोर उभी दिसली, तेव्हा खांद्याला धरून आर्विडने तिला वळवलं आणि फावडं हातात दिलं.

अकरावा दिवस गुरुवार होता. दिवेलागणीला तिने उंदीर गरम करून दगडी पाटीच्या तुकड्यावर खोपटीच्या तोंडाशी ठेवला, टॉवेल सोडला, दार लावलं आणि आर्विडबरोबर गावात मासे खायला गेली. तिथे काय खाल्लं हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. परत आल्यावर ती सरळ झोपायच्या खोलीत गेली. तिला हे किती अवघड गेलं ते बघून आर्विडने आपण होऊन तिला चहा करून दिला.

सकाळी तिने टॉवेलचं एक टोक उचललं. पाटी रिकामी होती. खोपटी उचलून बघायचा मोह झाला, पण तिने टॉवेल सोडला आणि रविवारची वाट न बघता फोन लावला.

"खाल्लं?" मार्नीने विचारलं.

"मी बघितलं नाही. उंदीर तिथे नाहीये, एवढं खरं."

"बाबांनी तर नाही ना खाल्ला?"

"त्यांनी माशाच्या दोन ताटल्या खाल्ल्यात. जागा नसेल." आणि मग दोघीही हसल्या. हसता हसता लोर्ना रडायला लागली आणि तिने ते लपवलं नाही.

त्यानंतर ऑल्गाने दर आठवड्याला खाल्लं, एकदाच मधे चुकवलं, आणि लोर्नाने तेही जसंच्या तसं सांगितलं. गॉर्डीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मार्चच्या शेवटी मार्नी दोन दिवसांसाठी आली. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत होता. आधी ती आपल्या जुन्या खोलीत जाऊन ऑल्गाला हातात घेऊन बसली, मग हात धुऊन टेबलाशी आली. लोर्नाने खिमा, बटाटा आणि सलगम भरलेली गरम पास्टी ताटलीत वाढली, केचपची बाटली ठेवली, कोट चढवला आणि बाहेर गेली.

सकाळीच साफ केलेल्या पायऱ्या ती पुन्हा खरवडत होती, तेव्हा आर्विड सौनाकडून लाकडं घेऊन आला.

"पायऱ्यांची साल काढतेयस का?"

"श्श. जेवतेय ती."

"ऑल्गा?"

"मार्नी."

आर्विडने लाकडं खाली ठेवली. बंद दाराकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं घेऊन तोही शेजारची पायरी खरवडायला लागला. थंडी मजबूत होती. दोघांच्याही नाकाला पाणी सुटलं.

दार उघडलं. मार्नी दारात उभी होती, हातात जेवणाचा काटा.

"काय करताय तुम्ही दोघं?"

"बर्फ काढतोय," आर्विड म्हणाला.

"कुठला बर्फ?"

आर्विडने कोरड्या पायरीवर आणखी एकदा फावडं ओढलं. मार्नीने आईकडे बघितलं, तिच्या लाल झालेल्या नाकाकडे, फावड्याकडे. तिच्या लक्षात आलं.

"आई, मी साप आहे का?"

"नाही गं."

"मग आत ये. मला एकटीला जेवायला आवडत नाही."

लोर्ना आत आली. मार्नी आपल्या जागेवर बसली आणि टेबलाखालून पायाने समोरची खुर्ची बाहेर सरकवली. लोर्ना तिच्यावर बसली. कोट काढायचं तिला सुचलं नाही. तिने नजर टेबलाच्या कडेवर ठेवली आणि तिथेच धरून ठेवली.

"आई," मार्नी म्हणाली, "बघितलंस तरी चालेल."

लोर्नाने मान वर केली. ताटलीत अर्धी पास्टी शिल्लक होती. तिने केचपची बाटली लेकीच्या हाताशी सरकवली आणि स्वतःसाठी एक ताटली घेतली.