पोच्यासकट अस्सल

आमच्या दर्र्यात, या डोंगरखिंडीतल्या बंदुकांच्या बाजारात, चारच गोष्टी खऱ्या मानतात: अल्ला, पाहुणा, चहा आणि लोखंड. पहिल्या तिन्हींची परीक्षा घ्यायची सोय नाही. त्यामुळे उरलेली सगळी खुमखुमी लोखंडावर निघते.

इथे साहेबाच्या रायफलीची नक्कल होते. एक जण नळी करतो, दुसरा अक्रोडाचा दस्ता कोरतो, तिसरा रायफलीखाली बसणारी गोळ्यांची पेटी ठोकतो आणि उस्ताद ते सगळं जुळवून त्याला आपलं नाव लावतो. नाव लावणं सोपं नाही. माल चारचौघांत फसला तर उस्तादानं तो आपल्याच ऐरणीवर मोडायचा आणि मोडकी नळी वर्षभर स्वतःच्या दारावर टांगायची, असा बाजाराचा कायदा. उस्ताद गुलाबजानच्या दारावर तशी एक लटकली होती, तेव्हा वर्षभर त्याच्या घरी साधा उधार विस्तव मागायलाही कुणी गेलं नाही.

मैज़ुल्लाच्या दारावर आजवर काही टांगलं गेलं नव्हतं. त्याच्या बापाच्या, उस्ताद शाहबरोज़च्या काळातही नाही. ऐरण तीच, दार तेच. साठी उलटली तरी मैज़ुल्ला आपल्या दाराची चौकट येता-जाता बघायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा. माणसाला काहीतरी वेड असावं.

अशा माणसाच्या दारात एका सकाळी तिराह खोऱ्याचा मलिक, म्हणजे टोळीप्रमुख, सरबुलंद येऊन उभा राहिला. दोन्ही खांद्यांवर दोन रायफली. डाव्या खांद्यावरची बापाची, इंग्रजी. उजव्या खांद्यावरची तिची नक्कल, मैज़ुल्लानं गेल्याच महिन्यात करून दिलेली.

"या मलिकसाहेब, बसा. चहा घ्या."

"चहा नंतर. आधी नाकाचं बघू," मलिक म्हणाला. "पुतणीचं लग्न होतं. धाकटा भाऊ दुबईहून आलाय, त्यानं ही तुमची घेतली आणि दहाच्या दहा गोळ्या भरल्या. पाच उडाल्या. सहाव्याला नुसतं खट्‌! मुलाकडचे काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, मलिकाच्या घरी बंदूक पण जावयासारखीच, निम्म्या जेवणानंतर रुसते!"

बाहेर दोघं-तिघं हसले. मैज़ुल्लाला हसू आलं नाही. त्यानं आधी दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

"बाजारासमोर परीक्षा व्हायला हवी," मलिक म्हणाला. "तुमच्यावर राग नाही. पण कायदा तो कायदा."

अर्ध्या तासात अर्धा बाजार डोंगराच्या उताराशी जमला. निवाडा करायला हाजी पायंदा खान आले. बाजारात सगळ्यांत वयस्कर, आणि कानानं सगळ्यांत कमी ऐकणारे. चाळीस वर्षं बंदुका ऐकल्यावर दुसरं काय होणार! मैज़ुल्लाला लाला, म्हणजे दादा, म्हणणारा चुलतभाऊ तोरगुलही धावत आला. पेटी ठोकणारा तोच. गुणी कारागीर, पण डोकं म्हणून चालवायचा नाही. समोर जे ठेवाल ते केसाइतकाही फरक न पडता करून देणार. एकदा नमुन्यावर माशी चिरडून बसली होती, तर यानं विचारलं होतं, "माशी कशाची करू, पितळेची?"

मैज़ुल्लानं नव्या रायफलीत दहा गोळ्या भरल्या आणि दस्ता स्वतःच्या गालाला लावला. पहिला बार ज्याचा माल त्यानं झाडायचा, हीही इथली रीत. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही गोळ्या समोरच्या पांढऱ्या दगडावर. सहाव्याला खट्‌.

हाजीसाहेबांनी हातानंच विचारलं, "झालं?"

"झालं," मैज़ुल्ला म्हणाला. बापाचं दार डोळ्यांपुढे आलं आणि त्यावर लटकणारी नळी. "हाजीसाहेब, मोडायची तर मोडीन. पण आधी का फसली ते बघू द्या. रोगी मेला तरी हकिमाला कारण कळायला हवं."

त्यानं पेटी काढली, गोळ्या उतरवल्या, गोळ्या वर ढकलणारी आतली पट्टी आणि स्प्रिंग उपसून खांद्यावरच्या चादरीवर ठेवली. पेटीच्या बाजूला मधोमध एक पोचा होता. स्प्रिंगनं वर ढकललेली पट्टी तिथेच अडकत होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"तोरगुल, हा पोचा कसला रे?"

"मुळात होता, लाला. मीही केला. एक अख्खा दिवस गेला त्यात. तिरका आहे ना जरा."

"पोचा कुणी उतरवतं का गाढवा?"

"मीच सांगितलं होतं," मलिक मध्ये पडला. "पोच्यासकट हवी म्हटलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी गोऱ्या शिपायाकडून ही जुनी हिसकावली, त्या झटापटीतला पोचा आहे तो. आमच्या घरची शान आहे."

पण मैज़ुल्लाचं आता त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो उजेडाकडे धरून पेटीच्या आत बघत होता. तळाशी, स्प्रिंगखाली कायम झाकल्या जाणाऱ्या जागी, चार बारीक ठिपके होते. तीन पुढे पसरलेले, एक मागे. चिमणीच्या पावलासारखे.

"आणि हे?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"तेही मुळात होतं," तोरगुल म्हणाला. "का, चुकलं का?"

मैज़ुल्ला त्या पावलाकडे बघत राहिला. तो दहा वर्षांचा असताना बापानं त्याला एकदाच ते दाखवलं होतं. शाहबरोज़ म्हणाला होता, "बाहेर साहेबाच्या मुकुटाचा शिक्का ठोकावा लागतो, गिऱ्हाइकाला तोच लागतो. आत मात्र माझी चिमणी. कुणाला सांगू नकोस." बापानं केलेल्या बहुतेक रायफली गेल्या, हरवल्या, डोंगरांत गंजल्या. बाप जाऊनही तीस वर्षं झाली होती. आणि आज त्याचं पाऊल अचानक उन्हात समोर आलं होतं, गेल्या महिन्यातल्या नव्या पत्र्यावर.

म्हणजे मलिकाच्या डाव्या खांद्यावरची, गोऱ्याकडून हिसकावलेली ती इंग्रजी रायफल याच दर्र्यात, त्याच ऐरणीवर जन्मली होती. मलिकाच्या बापानं ती गुपचूप विकत घेतली असणार आणि वाटेत घरच्यांना सांगायला एक गोरा शिपाई पैदा केला असणार. मैज़ुल्लाला हसावं की रडावं कळेना. ऊर मात्र भरून आला.

त्यानं स्वतःला सावरलं. "मलिकसाहेब, तुमच्या घरी या जुनीत किती गोळ्या भरतात?"

"पाच. बाबांचा नियम. म्हणायचे, ज्याला पाचांत जमत नाही त्याला दहांत काय जमणार?"

"कधीच दहा नाही भरल्या?"

"कधीच नाही."

"आज भरा. पाच गोळ्यांत पट्टी पोच्यापर्यंत खाली जातच नाही. दहा भरल्या की ती पोच्याच्या खाली जाते आणि वर येताना अडकते."

मलिक जरा घुटमळला. बापाचा नियम मोडायचा होता. मग मोजून दहा भरल्या आणि नेम धरला. पाच सुरेख गेल्या. सहाव्याला खट्‌.

बाजार असा हसला की डोंगरावरच्या शेळ्या पळाल्या. "हुबेहूब!" कुणीतरी ओरडलं. "मलिकसाहेब, अशी तंतोतंत नक्कल साऱ्या मुलखात मिळणार नाही!" हाजीसाहेबांना दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं, मग तेही हसले. उस्तादानं मागितलं तेच दिलं, दोष नमुन्याचा, असा निवाडा झाला. मैज़ुल्लाचं दार वाचलं.

मलिक मात्र हसला नाही. तो सरळ माणूस, आणि सरळ माणसांचं हेच अवघड असतं. त्यानं बापाची रायफल दोन्ही हातांवर घेऊन पुढे केली. आवाज हाजीसाहेबांनाही ऐकू जाईल असा.

"कायदा सगळ्यांना एकच. परीक्षेत फसली ती मोडायची. ही पण मोडा."

"तो कायदा दर्र्याच्या मालाला," हाजीसाहेब म्हणाले. "साहेबाच्या मालाला नाही. नळी कुणाच्या दारावर टांगणार, विलायतेत जाऊन?"

"मग उस्तादांनीच सांगावं," मलिक म्हणाला. "लोखंड त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. उस्ताद, ही दर्र्याची तर नाही ना? सगळ्यांसमोर सांगा."

मैज़ुल्लानं रायफल हातात घेतली. खरं सांगितलं तर बापाचा डंका वाजेल. पंचेचाळीस वर्षं तिराहच्या मलिकांनी इंग्रजी म्हणून मिरवली, असा हात! पण मग मलिकाचा बाप खोटा पडेल, तोही पाहुण्याच्या तोंडावर. आणि ही रायफल हातोड्याखाली जाऊन बापाच्याच दारावर लटकेल. नाही म्हणावं तर मालाबाबत तो जन्मात खोटं बोललेला नव्हता, आणि आज बापालाच नाकारायचं होतं.

त्यानं अंगठा नळीवरून सावकाश फिरवला.

"मलिकसाहेब," तो म्हणाला, "ज्यानं ही केली त्याच्या तोडीचा हात आज या बाजारात कुणाचा नाही. माझासुद्धा नाही."

"बघा!" मलिकाचा चेहरा उजळला. "शेवटी साहेबाचं काम ते साहेबाचं काम. वाईट वाटून घेऊ नका, उस्ताद."

"छे छे, वाईट कसलं!" मैज़ुल्ला म्हणाला, आणि त्याला खरोखरच इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी येईल म्हणून त्यानं उन्हाकडे पाठ केली.

जुन्या रायफलीचा पोचा मलिकानं काढू दिला नाही. बापाची आठवण, पाचच भरू, म्हणाला. नव्या पेटीचा पोचा तोरगुलनं तिथेच लाकडी हातोडीनं सरळ केला. मग मलिकानं स्वतः दहा गोळ्या झाडल्या, दहाही सुटल्या, आणि सगळे चपली कबाब खायला दुकानाकडे वळले.

तोरगुल मात्र पेटी घेऊन मागे रेंगाळला होता. "लाला, ते चार ठिपकेही घासून टाकू का? इंग्रजाची खूण आपल्या मालात कशाला?"

"हात लावू नकोस," मैज़ुल्ला म्हणाला. "आणि ऐक. यापुढे माझ्या नावाची जी जी पेटी करशील, तिच्यात हे पाऊल टाकत जा."

"कुठे? आहे त्याच जागी, झाकलेलं?"

मैज़ुल्लानं क्षणभर विचार केला.

"झाकलेलंच," तो म्हणाला. "चल, कबाब गार होतील."