तापलेल्या गाडीचा कोप

बाभळीच्या चढावर निम्मं गाव लोटलं होतं. मधोमध टोमॅटोचे क्रेट लादलेली पांढरी पिकअप उभी होती. चाकांमागे दगड लावले होते, इंजिन धडधडत होतं, पण गाडी तसूभर पुढे सरकत नव्हती. तिच्यासमोर मांडी घालून बसले होते हरीओम महाराज.

"इंजिन बंद करू नका!" महाराज गरजले. "तो देवीचा श्वास हाय. श्वास तुटला का गाडी मेली समजा!"

मग बोनेट उघडून धूप झाला. लिंबू ओवाळून झालं. स्टेरिंगला अंगारा लावायला महाराज दोनदा उठले, तीनदा उठले. बायांनी हात जोडले, लेकरं कडेवर पेंगायला लागली. चौथ्यांदा अंगारा लावून महाराज परत आले आणि त्यांनी फाडकन नारळ फोडला.

"टाक गिअर, पोरी!"

योगिनीनं गिअर टाकला. गाडी मुकाट चढ चढून गेली. मागे जयजयकार झाला. स्टेरिंगवर बसलेली योगिनी मात्र खुश नव्हती.

किन्हीराजाजवळच्या मळ्यात ती आणि तिचे वडील जानराव भाजीपाला पिकवत. योगिनीच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नव्हता. क्लच दाबणं तिच्यानं होत नसे, म्हणून तिनं हट्टानं आपोआप गिअर बदलणारी ही डिझेलची गाडी घेतली होती. मालेगावच्या बाजारात ती स्वतः माल नेई, आणि तिथं तिला कुणी बिचारी म्हणत नसे.

पहिल्यांदा गाडी याच चढावर थांबली, तेव्हा पायथ्याच्या मठातून महाराज धावत आले होते. त्यांनी गाडी चालती करून दिली आणि समोरच्या जाळीवर लाल कापडाची दुहेरी ओटी घट्ट बांधली. तेव्हापासून गाडी जास्तच थांबायला लागली. आज तर महाराजांनी निकालच दिला होता, "बाईच्या हाती लोखंड गेलं म्हणून कोप झाला. तिनं स्टेरिंग सोडावं. गाडी मठाले वाहून टाका."

"देऊन टाकू पोरी," रात्री जेवताना जानराव म्हणाले. "तुह्या जिवापेक्षा गाडी मोठी हाय काय?"

"अप्पा, गाडी नाई, माहे पाय मागून राह्यला तो," योगिनी म्हणाली. "नाई देत मी."

सकाळी तिनं वाशीमच्या एका मिस्तरीला फोन लावला. गाडी थांबण्याआधी जळका वास येतो, पायाखालचा पत्रा तापतो आणि स्टेरिंगसमोर एक लाल दिवा लागतो, एवढं सांगताच तो म्हणाला, "गिअरचं तेल तापते ताई. जड माल, उभा चढ. समोर तेल थंड करायची जाळी असते, तिले वारा लागते काय ते पाहा."

योगिनीनं वाकून पाहिलं. ओटीच्या मागे त्या जाळीत सोयाबीनचं कुटार, मळणीचा उडालेला भुसा, गच्च बसलेलं. तिनं हात घातला आणि परत काढला. आता साफ केलं तर महाराज म्हणतील, माझी कृपा. तिनं कापड तसंच राहू दिलं. महाराज अंगारा लावायला सारखे का उठतात, हेही तिला आता कळलं होतं.

त्याच दुपारी ती माल घेऊन निघाली. चढावर गाडी थांबली. महाराज आले, लोकही आले.

"करा पूजा," योगिनी म्हणाली. मग तिनं स्टेरिंगसमोरच्या दिव्यांवर टॉवेल पसरला आणि दारं लावून घेतली. "फक्त आज आत पाहाचं नाई."

"काहून?" महाराजांचा आवाज चिरकला.

"देवीले सगळं दिसते न? मंग तुमाले दिवे पाहाची काय गरज?"

महाराजांनी मंत्र म्हटले, घाम पुसला, काचेतून डोकावायचा प्रयत्न केला. टॉवेल काही हलला नाही. शेवटी त्यांनी अंदाजानं नारळ आपटला.

योगिनीनं गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही.

"बाई बसली हाय आत! म्हणून!" महाराज ओरडले.

"बरं," म्हणत योगिनी उतरली. "सरपंच, तुमी बसा."

भगवंतराव सरपंच बसले. त्यांनाही गाडीनं दाद दिली नाही. तेव्हा योगिनीनं टॉवेल ओढला. लाल दिवा तसाच पेटलेला होता.

"पाहा सगळ्याईनं! तेल तापलं का हा लागते, थंड झालं का जाते. इंजिन चालू राह्यलं का तेल जाळीतून फिरते नि निवते. म्हणून ह्याईले इंजिन बंद नाई पाह्यजे. दिवा गेला का नारळ फोडतात!"

"महाराज," सरपंच सावकाश म्हणाले, "तुमी आधी अकोल्याले अशाच गाड्या चालवत होते न?"

महाराजांनी धुपाटणं उचललं. योगिनीनं विळ्यानं ओटी कापली आणि मुठी भरभरून कुटार बाहेर काढलं. "हे कापड वाऱ्याच्या आड बांधून ठेवलं होतं यानं!"

"कोप होईल!" महाराज जाता जाता ओरडले.

"होऊ द्या! उद्या याच चढावर याच्याहून जास्त माल घेऊन येतो. पाहाले या!"

सगळे थांबले. ना मंत्र, ना धूप. दिवा आपोआप विझला. कुणीतरी अंगाऱ्याची वाटी उचलून पुढे केली, योगिनीनं ती बाजूला सारली.

"आज गाडी तापली," ती म्हणाली. "उद्या तुमचं लेकरू तापंल. तवाबी नारळ फोडत बसान, का दवाखान्यात न्यान? ताप आला तर काहून आला, हे विचारा. मले विचारा, डॉक्टरले विचारा, महाराजालेबी विचारा. विचारल्यानं ज्याले राग येते, त्याच्या पाया पडू नका."

सरपंच उतरले आणि योगिनी परत स्टेरिंगवर बसली. जानराव गर्दीतून पुढे आले, चाकामागचे दगड काढले आणि लेकीशेजारी जाऊन बसले.

"चाल," ते म्हणाले, "बाजार उठून जाईन."