कमरेचं माप

थोरलीला धाकट्या जावेची कंबर बघवत नसे. दुसऱ्यांना लोकांचे दागिने डोळ्यांत खुपतात, हिचं शिवणाचं दुकान असल्यामुळे हिला इंच खुपायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. धाकटीच्या ऑफिसच्या पॅन्ट्स दर चार महिन्यांनी आत घ्यायला यायच्या. तीस, अठ्ठावीस, सव्वीस. इकडे थोरली भात सोडून बसली होती, तरी स्वतःची अडतीस इंचांची कंबर काही हलेना.

त्यात गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, तुमची जाऊ खाते तरी काय?"

"नशीब खाते," थोरली म्हणे, आणि कात्री जरा जोरातच चाले.

धाकटी जेवताना मध्येच उठून जायची, तेही थोरलीला नखरेच वाटायचे. शेवटी एकदा तिनं डाव साधला. नवी पॅन्ट मुद्दाम अर्धा इंच घट्ट शिवली. बघू, कशी मावते ती! धाकटीनं मात्र चकार शब्द न काढता ती वर्षभर घातली.

मग धाकटीचं ऑपरेशन झालं. अपेंडिक्सचं, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. तीन महिने माहेरी राहून ती परतली ती गाल भरूनच. थोरलीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"वहिनी, सोमवारपासून कामावर जायचंय. पॅन्ट सैल करून द्याल? तयार पॅन्ट बसतच नाही मला, नाही जमलं तर नोकरीच सोडावी लागेल."

"सुटलीस की गं चांगली!" म्हणत थोरलीनं हौसेनं टेप गुंडाळली. पोटाच्या उजव्या बाजूला ती अडली. बोटांना कपड्याखाली काहीतरी मऊ, फुगीर, कोमट लागलं.

धाकटीनं तिचा हात हळूच बाजूला केला.

"पिशवी आहे, वहिनी. आतडं कापलंय, शौच सध्या यात येतं. अपेंडिक्स नव्हतंच. क्रोन्स म्हणतात या आजाराला, आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. सहा वर्षं खाल्लेलं अंगी लागत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"संडासाचं दुखणं कुणाला सांगणार? आणि मी झिजत होते, तेव्हा सगळे म्हणत होते, काय छान बारीक झालीस. आता कुठे दोन घास पचतात, तर तुम्ही सुटलीस म्हणता."

थोरलीचा चेहरा उतरला. "ती पॅन्ट..."

"रुतायची खूप, पोट फुगलं की. ऑफिसात बटण काढून बसायचे."

"मी मुद्दाम घट्ट शिवली होती. जळत होते मी तुझ्यावर."

धाकटीनं हातातली पॅन्ट खाली ठेवली.

"माझ्यावर?" ती म्हणाली. "तुम्ही मिटक्या मारत जेवायचात आणि नंतर निवांत बसून राहायचात. मला तुमचा इतका हेवा वाटायचा, वहिनी!"

थोरलीला रडू आवरेना. डोळे पुसून तिनं ती पॅन्ट सरळ उसवली आणि पिशवीवर दाब येणार नाही अशा बेतानं कंबर नव्यानं बेतली. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमची जाऊ बरीच जाड झाली हो."

"बरी होतेय ती," थोरली म्हणाली. "जेवण पचतं आता तिला."

आपण भेटल्या भेटल्या माणसाला नजरेनं तोलतो आणि बारीक-जाडाचा निकाल देऊन मोकळे होतो. त्याऐवजी नुसतं "बरी आहेस ना?" विचारावं, आणि उत्तर पोटाचं, संडासाचं असलं तरी नाक न मुरडता शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.