मला भेग नव्हती

मी एक दगड आहे. सपाट, ऐसपैस, चुलीच्या तोंडाशी बसवलेला पहिला दगड. आमच्या कोरियातल्या या डोंगरात घराची चूल भिंतीबाहेर असते आणि तिची ऊब आत. आग नि धूर खोलीच्या जमिनीखालून, आम्हा दगडांच्या पोटाखालून सरकत जातात आणि परसातल्या धुराड्यातून निघतात. आमच्यावर मातीचा लेप, लेपावर तेल पाजलेला कागद, त्यावर माणसं. मला कुणी कधी पाहत नसे. पण थंडीत पाहुणा आला की, "या, इकडं उबेला सरका," म्हणून त्याला बसवतात, ती जागा माझी.

छुनबे गवंड्याने मला हातोडीने वाजवून पाहिलं होतं. "हा तीन पिढ्या हलायचा नाही," म्हणाला. मी फुगलो होतो, कबूल करतो.

घर ओक्बुनचं. नवरा लवकर गेला, पण तिने चूल एक दिवस थंड पडू दिली नाही. आधी पाइनची सुईसारखी वाळकी पानं, मग ओकच्या लाकडाच्या ढलप्या. तिचा मुलगा चांगसोक माझ्यावरच जन्मला आणि पाच वर्षांचा होईस्तोवर माझ्यावरचा कागद भिजवत राहिला. मी मुकाट्याने वाळवत राहिलो. पुढे तो शाळेतून उशिरा यायचा, तेव्हा त्याच्या भाताचा पितळी वाडगा दुलईत गुंडाळून माझ्यावरच ठेवलेला असे.

शेजारची केसुन रोज दुपारी येऊन बसे. "ओक्बुन, तुझ्या खोलीत बुड भाजतं गं बाई!"

"मग ऊठ की! कुणी धरून ठेवलंय?"

केसुन संध्याकाळपर्यंत हलत नसे.

चांगसोक शहरात नोकरीला लागला. आईने आपल्याकडे यावं म्हणून त्याने दहा वर्षं डोकेफोड केली. गेल्या हिवाळ्यात लाकडाचा भारा आणताना ओक्बुन बर्फावर घसरली, मनगट मोडलं, तेव्हा तर तो रडलाच. ती म्हणाली, "मला या उबेवरूनच उचलायचं, बाबा. मेल्यावर. त्याआधी नाही."

त्याची भीती मला समजत होती. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

नव्या वर्षाच्या सणाला तो आला. दुपारी ओक्बुनने चूल पेटवली. त्याची पावलं परसात धुराड्यापाशी गेली, थांबली, परत आली. नेहमी माझ्याखालून सरळ पळणारा धूर माघारी फिरला. चुलीच्या तोंडातून, कागदाच्या कडांतून खोलीत घुसला. ओक्बुन खोकत बाहेर पळाली.

"आई, खालचा दगड फुटलाय," चांगसोक म्हणाला. "भेगेतून धूर येतोय. झोपेतच मरशील एक दिवस."

"माझा दगड? शक्यच नाही."

"मग धूर काय हवेतून आला?"

ती गुडघ्यांवर बसून कागद चाचपत राहिली. जमीन उकरून पाहू म्हणाली. तो म्हणाला, एवढ्या थंडीत कोण उकरणार? छुनबे तर केव्हाच गेला. शेवटी ती माझ्या जागेवर हलकेच थापटून म्हणाली, "तूसुद्धा दगा दिलास ना रे?"

मी धडधाकट होतो हो! पण दगडाला तोंड कुठे असतं?

ती कपडे बांधत होती तेव्हा चांगसोक माझ्यावर उभा राहून बायकोशी फोनवर हळूच बोलला. "तयार झाली. पेंढ्याचा बोळा काढून टाकलाय धुराड्यातला. नाही, तिला कळलं नाही." ज्याला मी ऊब दिली, त्याने माझ्याच पाठीवर उभं राहून हे सांगितलं.

घर विकलं गेलं. नव्या मालकाने जमिनीत गरम पाण्याचे पाइप घालायला घेतले आणि मजुरांनी पहारीने मला उचकटून अंगणात भिंतीला टेकवलं. त्याच दुपारी ओक्बुन आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण न्यायला आली. मला बघून थबकली.

"उबेच्या जागेचा ना हा?" तिने मजुराला विचारलं.

"होय आजी. काळाकुट्ट झालाय, पण एक चीर नाही. सोन्यासारखा दगड."

तिने माझ्या चारी कडांवरून बोट फिरवलं. मजुराला मला उलटवायला लावलं. मग रांजण उचलणाऱ्या मुलाकडे वळली.

"चांगसोक, भेग कुठंय रे?"

तो रांजणाकडेच बघत राहिला. "आई, तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी केलंस, तर मला सांगायचं होतंस. भांडले असते मी. याच्यावर कशाला घातलंस?"

त्याने एक रांजण गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, बाकीचे डिकीत. ती माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, "चुकलं माझं." चूक ज्याची, तो मात्र डिकी लावत होता. जाताना त्याने पुढचं दार उघडून धरलं, पण ती मागच्या सीटवर, रांजणाशेजारी जाऊन बसली.

उद्या मला दारापुढे पायरी म्हणून गाडणार आहेत. हरकत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. कधी खापर फोडायची वेळ आलीच, तर ज्याला तोंड आहे अशाच्या माथ्यावर फोडा. त्याला निदान "मी नाही" म्हणता येतं.